वाळवंटांतील धूळ आणि वाटीभर तेल

अहमदनगर येथें (सरकारी दप्तरीं आतां अहिल्यानगर) जुन्या रणगाड्यांचें एक संग्रहालय आहे. १९९४ सालीं तें सुरू झालें. इतिहासाचे विद्यार्थी बरोबर घेऊन तेथें जाण्याचा परिपाठ मीं कित्येक वर्षें ठेविला आहे. 'मटिल्डा' नांवाच्या ब्रिटिश रणगाड्यापुढें उभा राहून मी जें व्याख्यान देत असें, तें मला पाठच झालें होतें. ९ डिसेंबर १९४० रोजीं सकाळीं ईजिप्तच्या पश्चिम वाळवंटांतील निबेवा या इटालियन तळावर चवथ्या हिंदी डिव्हिजनबरोबर हे रणगाडे कसे चालून गेले, त्यांच्या जाड चिलखतावर इटालियनांचे गोळे कसे निष्फळ ठरले, वगैरे. मुलें तोफेची लांबी विचारीत, पोलादाची जाडी विचारीत. मी सांगत असें. एका वर्षीं मात्र एका विद्यार्थ्यानें निराळाच प्रश्न केला. तो शेतकऱ्याचा मुलगा. घरीं ट्रॅक्टर होता. "सर, हे गाडे तिकडच्या धुळीत श्वास कसा घेत होते? एअर क्लीनर कुठाय ह्यांचा?" मला उत्तर देतां आलें नाहीं. मीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली आणि पुढच्या रणगाड्याकडे वळलों.

हा प्रश्न मला झोंबला त्यास एक खाजगी कारण होतें. त्याच्या बरींच वर्षें आधीं मीं एक जुनी डिझेल जीप विकत घेतली होती. किल्ले, लेणीं, आडवाटेवरील शिलालेख पाहत हिंडावयाचें तर एस्. टी. च्या वेळापत्रकाचें बंधन नको, असा माझा हिशोब. त्या जीपच्या बॉनेटखालीं एक काळा पत्र्याचा डबा असे. आमचा ड्रायव्हर उन्हाळ्यांत दर तीन-चार दिवसांनीं तो खोली, तळच्या वाटींतील चिखल काढून टाकी, आणि वाटी पुसून तींत खुणेपर्यंत नवें तेल भरी. एका मे महिन्यांत आम्ही शेवगांव-पाथर्डीकडील कच्च्या रस्त्यांनीं फिरत होतों. एके दिवशीं सकाळीं वाटी धुऊन झाली, पण तेल भरावयाच्या वेळीं मींच घाई केली. ऊन चढण्यापूर्वीं मला एका देवळांतील लेखाचा ठसा घ्यावयाचा होता. "साहेब, तेल राहिलंय," असें तो म्हणाला. "संध्याकाळीं घाल," असें मीं म्हटलें. संध्याकाळीं तो विसरला आणि मीही विसरलों. पुढें दहा-बारा दिवस गाडी तशीच धुळींतून धांवली. पावसाळा लागतां लागतां ती निळा धूर सोडूं लागली, चढावर दम टाकूं लागली, तेल खाऊं लागली. मिस्त्रीनें इंजिन उतरविलें, सिलिंडरच्या आंतून बोट फिरविलें आणि मलाही फिरवावयास लाविलें. वरच्या कडेशीं नखाला चक्क पायरी लागत होती. "रिंगा गेल्या, बोअर गेला. धूळ गेलीय ह्यात," एवढेंच तो म्हणाला. मीं सर्वांदेखत ड्रायव्हरास बोल लाविला. तो खालीं मान घालून उभा राहिला. माझें सकाळचें वाक्य त्यानें कोणास सांगितलें नाहीं. ही हकीगत मीं आजवर कोठें लिहिली नव्हती.

तेव्हां विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर शोधणें हें माझ्यावर एक प्रकारचें ऋणच होतें. वाळवंटांतील युद्धाच्या इतिहासाचीं माझ्या कपाटांतील पुस्तकें मीं पुन्हां काढलीं. त्यांत सेनापतींचे स्वभाव आहेत, पेट्रोलचे आंकडे आहेत, तोफांचे पल्ले आहेत. धूळ आहे, पण ती बहुधा वर्णनापुरती. सूर्य झांकोळून टाकणारी, सैनिकांच्या पापण्यांवर बसणारी. इंजिनाच्या घशांत गेलेली धूळ शोधावयास मला निराळ्या पुस्तकांकडे आणि निराळ्या माणसांकडे जावें लागलें.

आधीं थोडें गणित करूं. एक लिटर पेट्रोल जाळावयास इंजिनाला सुमारें ९,००० लिटर हवा लागते. डिझेलचें इंजिन तर याहूनही अधिक हवा ओढतें. म्हणजे दिवसाकांठीं ३० लिटर पेट्रोल जाळणारी मालमोटार त्या दिवसांत जवळजवळ २७० घनमीटर हवा पोटांत घेते. एक मोठी दुमजली इमारतच म्हणाना. आतां ज्या धुळींत समोरचें कांहींच दिसेनासें होतें, अशा धुळींत दर घनमीटर हवेस सुमारें एक ग्रॅम धूळ असते. ती मोटार दिवसभर अशा धुळींतून गेली, आणि मध्यें कांहीं अडसर नसला, तर तिच्या पोटांत पाव किलोहून अधिक धूळ जाईल. इतकी धूळ कोणत्याही इंजिनाला फार दिवस पचावयाची नाहीं.

पुन्हां ही धूळ साधी नव्हे. तींत गारेचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची जी दहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे, तींत गारेचा क्रमांक सातवा. साधें लोखंड व पोलाद चवथ्या-पांचव्या पायरीच्या आसपास. जें कठीण असतें तें मऊ असतें त्याला खातें. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा जो पातळ थर असतो, त्यांत हे कण मिसळले कीं त्यांचें मलम बनतें. हें मलम व मिस्त्री लोक व्हॉल्व्ह घासून बसवितांना मुद्दाम वापरतात तें मलम यांत जातीचा फरक नाहीं. सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसणारे नव्हेत. मोठा कण अडकतो, फुटतो, कित्येकदां बाहेरही पडतो. ज्याची जाडी तेलाच्या थराएवढी, म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, तो कण पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्या मध्यें बरोबर बसतो आणि दोघांनाही कातीत राहतो. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो.

वाळवंट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळू उभी राहते. वरील हिशोबानें पाहतां इंजिनाचा मुख्य वैरी वाळू नव्हे, हें ध्यानांत येईल. वाळू आणि धूळ या दोन वेगळ्या जाती आहेत, हें शास्त्रीय प्रयोगांनीं दाखवून देणारा पुरुष योगायोगानें वाळवंटांतील मोटारींचाही मोठा जाणकार होता. रॅल्फ बॅग्नोल्ड (१८९६-१९९०) हे ब्रिटिश लष्करांतील अधिकारी. ईजिप्तमध्यें नेमणूक असतां त्यांनीं रजेचे दिवस खर्चून फोर्ड मोटारींतून लिबियाच्या वाळवंटांत सफरी केल्या. इतर अधिकारी रजेंत काय करीत असत तें वाचकांस ठाऊक आहेच. टायरांतील हवा कमी करून मऊ वाळूंतून गाडी कशी काढावी, रेडिएटरची वाफ फुकट न दवडतां तिचें पुन्हां पाणी कसें करावें, सूर्याच्या सावलीवरून दिशा कशी धरावी, हें त्यांनीं तेथें बसविलें. १९३५ मध्यें निवृत्त झाल्यावर त्यांनीं लंडनमध्यें वाऱ्याचा एक कृत्रिम बोगदा करून त्यांत वाळू उडविली, मोजली, आणि १९४१ सालीं वाऱ्यानें चालणाऱ्या वाळूवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही त्या शास्त्राचा पाया मानला जातो. तोंवर युद्ध सुरू झालें होतें, आणि ग्रंथकार स्वतः १९४० च्या उन्हाळ्यांत उभारलेल्या 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' या दूरवर टेहळणी करणाऱ्या पथकाचे संस्थापक म्हणून पुन्हां त्याच वाळवंटांत होते.

बॅग्नोल्ड यांचें म्हणणें थोडक्यांत असें. वाळूचा कण जड असतो. वारा त्याला वाहून नेत नाहीं. तो कण उड्या मारीत जातो, खालीं आपटतो आणि दुसऱ्याला उडवितो. त्यामुळें खऱ्या वाळूच्या वादळाचा थर जमिनीलगत असतो, आणि कित्येकदां त्याच्या वर डोकें काढून माणूस स्वच्छ ऊन पाहूं शकतो. धूळ मात्र इतकी हलकी कीं एकदां वर चढली म्हणजे तासन् तास खालीं येत नाहीं. आतां गंमत अशी कीं, अस्सल वाळवंटांत धूळ फारशी नसतेच. वाऱ्यानें हजारों वर्षें सुपांत घेऊन पाखडलेला तो प्रदेश. हलकें होतें तें केव्हांच उडून दूर देशीं गेलें, जड वाळू आणि खडे मागें राहिले. जेथें बारीक माती उरली आहे तेथें ती खड्यांच्या थराखालीं, वाळलेल्या पापुद्र्याखालीं किंवा खुरट्या झुडपांच्या मुळांशीं निपचित पडलेली असते. वारा तिला हात लावीत नाहीं. तिला जागें करावयास चाक लागतें.

या विवेचनानें एका जुन्या कोड्याचाही उलगडा होतो. पहिल्या महायुद्धांत, १९१६ पासून पुढें, सेनुसी टोळ्यांच्या बंदोबस्तासाठीं इंग्रजांनीं याच वाळवंटांत फोर्डच्या 'टी' नमुन्याच्या मोटारींचीं हलकीं गस्तपथकें ठेविलीं होतीं. त्या मोटारींस हवेची गाळणीच नसे; हवा उघड्या तोंडानें आंत जाई. तरीही त्यांनीं शेंकडों मैल अज्ञात प्रदेश पायाखालीं घातला. त्या काळीं इंजिन वरचेवर उघडण्याचीच रीत होती, हें खरें. पण माझ्या मतें मुख्य कारण असें कीं त्या मोटारी थोड्या होत्या आणि कोऱ्या जमिनीवरून जात होत्या. एकटी मोटार आपली धूळ मागें टाकून पुढें जाते. दहा मोटारी एकामागून एक निघाल्या कीं दहावीला पुढच्या नऊ जणींची धूळ खावी लागते. आळंदीची पालखी उन्हाच्या दिवसांत निघाली तर शेवटच्या दिंडींतील वारकऱ्याला हें शास्त्र कोणी शिकवावयास नको. आणि त्याच वाटेनें रोज हजार मोटारी जाऊं लागल्या, तर जमिनीचा पापुद्रा पिठासारखा दळला जातो. मग मोटारी थांबल्या तरी धूळ थांबत नाहीं, कारण आतां वाऱ्यालाही तेथें उचलावयास कांहीं मिळालेलें असतें.

असें झालें याचा पुरावा एका म्हाताऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानें ठेविला आहे, आणि माझ्या सर्व शोधांत मला सर्वांत आनंद झाला तो हा पुरावा हातीं आल्यावर. प्रोफेसर फ्रान्सिस वॉल ऑलिव्हर (१८६४-१९५१) यांनीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत जवळजवळ चाळीस वर्षें अध्यापन केलें, नंतर कांहीं वर्षें कैरोस शिकविलें, आणि पुढें अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेस मरियूत प्रांतांत वाळवंटाच्या कांठीं ते राहिले. समुद्रकांठचीं व ओसाड जागचीं झुडपें हा त्यांचा विषय. त्यांच्या दारावरून युद्ध गेलें. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांनीं काय केलें, तर धुळीचीं वादळें मोजलीं. युद्धापूर्वीं त्या भागांत वर्षाला ३-४ वादळें होत. १९४१-४२ या वर्षीं ५१ झालीं. सैन्यें पश्चिमेकडे निघून गेल्यावर १९४४ मध्यें तीं पुन्हां ४ वर आलीं. हा वृत्तांत १९४५ सालीं लंडनच्या भूगोल-मंडळाच्या नियतकालिकांत छापून आला.

या तीन आंकड्यांशेजारीं युद्धाचा कालक्रम ठेवून पाहावा. १९४० च्या डिसेंबरांत इंग्रजांची चढाई. १९४१ च्या फेब्रुवारींत रोमेल ट्रिपोलीस उतरला. नोव्हेंबरांत पुन्हां इंग्रजांची मोठी मोहीम. १९४२ च्या मे-जूनमध्यें गझालाची लढाई व २१ जूनला तोब्रुकचा पाडाव. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत एल अलामेन. मरियूत हें या सर्व धामधुमीचें पिछाडीचें अंगण होतें. छावण्या, कोठारें, दुरुस्तीचे कारखाने, आणि आघाडीकडे जाणाऱ्या व तेथून परतणाऱ्या गाड्यांची अखंड रांग. शेवटीं शेवटीं तर आघाडीच तेथवर आली. अलामेनपासून अलेक्झांड्रिया सुमारें १०० किलोमीटर. वाळवंटानें सैन्यांच्या इंजिनांचा घात केला असें आपण लिहितों. ऑलिव्हर यांची वही असें सांगते कीं त्या घाताचें पुष्कळसें साहित्य सैन्यांनीं आपल्याच चाकांखालीं तयार केलें. इतिहासाचा अध्यापक म्हणून मला हें वाचून थोडें वरमल्यासारखें झालें, कारण तीस वर्षें मी विद्यार्थ्यांस 'निसर्गाची प्रतिकूलता' या मथळ्याखालीं ही धूळ शिकवीत आलों होतों.

रोमेलनें तर धुळीला कामालाच लाविलें. ट्रकांवर विमानांचीं इंजिनें व पंखे बसवून त्यानें गझालाच्या वेळीं मुद्दाम धुळीचे लोट उठविले, ते अशासाठीं कीं शत्रूस तेथें रणगाड्यांची मोठी फौज आहे असें वाटावें. मोटारींवर लांकडी-कापडी सोंगें चढवून केलेले खोटे रणगाडेही त्याच्याकडे होते. शत्रू फसला असेल; त्याच धुळींतून जाणारीं त्याचीं स्वतःचीं इंजिनें मात्र फसण्यासारखीं नव्हतीं.

आतां गाळणीकडे वळूं. त्या काळचा मुख्य उपाय म्हणजे तेलाची गाळणी, आमच्या जीपमधील तोच काळा डबा. अमेरिकनांच्या युद्धकालीन जीपमध्येंही तीच योजना होती. हिची युक्ति साधी आहे. आंत येणारी हवा वरून खालीं वाटींतील तेलाच्या पृष्ठभागापर्यंत नेतात आणि तेथें तिला एकदम उलट वळवून वर नेतात. हवा हलकी, ती वळते. धुळीचा कण जड, तो आपल्या वेगांत सरळ जाऊन तेलांत पडतो. उफणणीच्या वेळीं धान्य व भुसा ज्या न्यायानें वेगळे होतात, तोच हा न्याय. फरक एवढाच कीं येथें जड तें टाकावयाचें आणि हलकें तें ठेवावयाचें असतें. उरलेसुरले कण वरच्या तेलकट तारेच्या जाळींत अडकतात. चांगल्या स्थितींत अशी गाळणी शंभरांतील ९५ ते ९८ भाग धूळ धरते. इंजिन संथ चालत असेल तेव्हां हवेला वेग कमी, म्हणून पकडही कमी. युद्धानंतर प्रचारांत आलेल्या घड्यांच्या कागदाच्या गाळण्या यापेक्षां सरस आहेत. पण दोहोंचाही एक सामान्य शत्रू आहे, तो म्हणजे गाळणीच्या पलीकडील नळी. रबरी नळीस बारीक चीर असली, किंवा तिच्यावरील पट्टी सैल असली, कीं इंजिन तेथूनच हवा ओढतें, आणि पुढें बसविलेली गाळणी नुसती शोभेची राहते.

गाळणी कोणत्या जागीं बसवावी, हा प्रश्नही क्षुल्लक नव्हे. धूळ जमिनीलगत दाट आणि वर विरळ असते. म्हणून ट्रॅक्टरची हवेची नळी बॉनेटच्या वर मान काढून उभी असते. इंग्रजांच्या 'क्रूसेडर' रणगाड्यावर मात्र या गाळण्या मागल्या बाजूस, धांवत्या पट्ट्यांवरील पत्र्यांवर, उघड्यावर बसविल्या होत्या; म्हणजे ज्या जागीं पट्टे सर्वांत अधिक धूळ फेंकतात नेमकी तीच जागा! त्यांतील इंजिन १९१७ च्या अमेरिकन विमानी इंजिनाच्या आराखड्यावरून आलेलें. आकाशांत जन्मलेलें हें इंजिन धुळींत आणून बसविलें, तेव्हां त्याचे पाण्याचे पंप व पंखे यांनीं जो त्रास दिला तो त्या रणगाड्याच्या प्रत्येक चरित्रांत नमूद आहे. खरीं विमानेंही सुटलीं नाहींत. आफ्रिकेंतील स्पिटफायर विमानांच्या हनुवटीखालीं 'व्होक्स' कंपनीची मोठी गाळणी बसवावी लागली. तिनें इंजिन वांचविलें पण विमानाचा वेग खाल्ला, आणि मग अलेक्झांड्रियाजवळील अबूकीर येथील दुरुस्ती-तळानें स्वतःची लहान गाळणी बनविली. शुद्ध हवा फुकट मिळत नाहीं. ती जितकी बारकाईनें गाळावी तितका इंजिनाचा श्वास कोंडतो. आणि गाळणी भरत आली कीं तो आणखी कोंडतो.

जर्मनांनीं १९४२ च्या अखेरीस ट्युनिशियांत आणलेल्या 'टायगर' रणगाड्यांच्या पाठीवर 'फायफेल' नांवाच्या गाळण्या असत. त्यांत हवेला भोंवऱ्यासारखी फिरवून धूळ बाहेर भिरकावून देण्याची योजना होती. १९४३ मध्यें आफ्रिकेंतील युद्ध संपलें आणि त्याच वर्षीं पुढें त्या गाळण्या नव्या रणगाड्यांवरून काढून टाकण्यांत आल्या. जणूं धूळ ही आफ्रिकेचीच मिरास!

ती तशी नव्हती, याचा दाखला रशियनांच्या 'टी-३४' या रणगाड्याचा. आकार, चिलखत, तोफ या सर्वांत त्या काळीं ज्याची जगानें वाखाणणी केली, असा हा रणगाडा १९४२ मध्यें अमेरिकेंत मेरीलँडमधील ॲबर्डीनच्या चांचणी-मैदानावर परीक्षेसाठीं पाठविण्यांत आला. ३४३ किलोमीटर चालल्यावर त्याचें इंजिन दुरुस्तीपलीकडे गेलें. उघडून पाहतां पिस्टन व सिलिंडर धुळीनें खाऊन टाकलेले आढळले. अशी गाळणी केवळ घातपात करणारा मनुष्यच योजूं शकेल, असा अमेरिकनांचा अभिप्राय खुद्द रशियनांच्याच अहवालांत नोंदलेला आहे. मेरीलँड म्हणजे वाळवंट नव्हे. तेथें झाडी आहे, पाऊस आहे. पुढें रशियनांनीं भोंवऱ्याच्या तत्त्वावरील नवी गाळणी बसविली. जगांतील उत्तमोत्तम रणगाडा एका पत्र्याच्या डब्यापायीं तीन-साडेतीनशें किलोमीटरांत संपतो, ही गोष्ट मीं वाचली तेव्हां माझ्या जीपबद्दल मला थोडें समाधान वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. मग लगेच ड्रायव्हरची आठवण होऊन तें समाधान गेलें.

कारण गाळणी कितीही चांगली असली तरी ती कोणा तरी माणसानें खोलावी लागते. वाळवंटांत हें काम रोजचें असे, आणि तें दिवसाच्या शेवटीं येई. गाडी हांकून अंग मोडलेलें, पाणी मोजून मिळालेलें, अंधारांत दिवा लावावयाची बंदी. वाटी सोडवा, चिखल काढा, जाळी पेट्रोलनें धुवा, तेल भरा, आणि हें सर्व करतांना वाऱ्याकडे पाठ करून बसा, नाहीं तर उघड्या नळींतच धूळ जावयाची. युद्धापूर्वींच्या हिंदी सैन्यांत बहुतांशीं घोडा, खेंचर आणि उंट यांचेंच राज्य होतें. युद्ध सुरू झाल्यावर खेड्यांतून आलेल्या हजारों तरुणांस ड्रायव्हर बनवावें लागलें. त्यांतील कित्येकांनीं तोंवर मोटार दुरूनच पाहिली होती. तोब्रुक पडलें तेव्हां आंत असलेल्या ११ व्या हिंदी ब्रिगेडींत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटणही होती. तिचे पुष्कळ जवान कैदी झाले. त्यांच्या शौर्याची नोंद पलटणींच्या इतिहासांत आहे आणि ती असावीच. पण संध्याकाळीं वाटी पुसणाऱ्या ड्रायव्हराची नोंद कोठें सांपडावी? ज्या दिवशीं तो चुकला त्या दिवसाचा परिणाम महिन्याभरानें दुसऱ्याच गांवीं दिसे, आणि ज्या दिवशीं तो चुकला नाहीं त्या दिवशीं कांहींच घडत नसे. जें घडलें नाहीं त्याचा इतिहास लिहिण्याची विद्या आम्हां अध्यापकांस येत नाहीं. आमच्या जीपचा ड्रायव्हर आतां आपल्या गांवीं शेती पाहतो. हा लेख छापून आला म्हणजे तो घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहें.

हा प्रश्न त्या युद्धाबरोबर संपला, असेंही नाहीं. १९९१ मध्यें अमेरिकनांचे 'एब्रम्स' रणगाडे अरबस्तानांत लढले. त्यांचें गॅस-टर्बाइन जातीचें इंजिन साध्या इंजिनाहून किती तरी अधिक हवा ओढतें. त्यांच्या गाळण्या इतक्या वारंवार भरत कीं सैनिकांस मोहिमेंत थांबून थांबून त्या बाहेर काढाव्या आणि झटकाव्या लागत. पन्नास वर्षांत इंजिनें बदललीं. गाळणी झटकणारा हात होता तसाच राहिला. त्या युद्धांतही रणगाड्यांनीं व खंदकांनीं कुवेतच्या वाळवंटावरील खड्यांचा थर फोडला आणि खालची बारीक माती मोकळी केली; मात्र तेथें वादळें मोजणारा कोणी ऑलिव्हर दाराशीं बसला होता किंवा कसें, हें शोधावयास मला सवड झालेली नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत मी त्या विद्यार्थ्याच्या गांवीं गेलों. आतां तो शिक्षक झाला आहे. शेत वडील व धाकटा भाऊ पाहतात. नांगरटीनंतर ढेंकळें फोडण्याचें काम चाललें होतें आणि ट्रॅक्टरभोंवतीं तांबूस-काळ्या धुळीचा ढग हालत होता. दुपारीं काम थांबल्यावर मींच होऊन विषय काढला. निबेवाचा हल्ला, ऑलिव्हर यांची वही, 'टी-३४' ची फजीती, सर्व सांगितलें. वडिलांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग ते उठले, ट्रॅक्टरच्या डब्याच्या पकडी सोडल्या आणि वाटी माझ्यापुढें धरली. तींत बोटभर काळा गाळ बसला होता. "हे सकाळपासूनचं," असें ते म्हणाले. त्यांनीं तो गाळ बांधावर ओतला, फडक्यानें वाटी पुसली. तेल मी ओततों, असें म्हणून मीं डबा हातीं घेतला आणि जरा सढळ हातानेंच ओतूं लागलों. त्यांनीं माझें मनगट धरलें. "खुणेपर्यंतच, गुरुजी. जास्त झालं तर इंजिन तेलच ओढून घेतं."